मागून येणारा आवाज

नातीचं बारसं झालं, ते साल. दोन हजार चोवीस, माघ महिना. मुरुमला व्याह्यांच्या घरी पाळणा बांधला होता. चुलत आत्येनं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं. टाळ्या वाजल्या. पुरुषांच्या ओळीत मांडी घालून बसलेल्या रेवणप्पानंही वाजवल्या. टाळ्या थांबल्या आणि भरल्या घरात तो खणखणीत आवाजात म्हणाला,

"मग? ठिवायचं का न्हाय नाव?"

घर हसलं. व्याही शरणबसप्पा पोट धरून हसले. "अवो पाव्हणं, ठिवलं की! आता काय पुन्यांदा पाळण्यात घालावं व्हय पोरीला?"

रेवणप्पाही हसला. सगळे हसले की आपण हसायचं, हे त्याला गेल्या सात-आठ वर्षांत अंगवळणी पडलं होतं. बायकांच्या घोळक्यातून त्याची बायको शिवकांता त्याच्याकडे बघून ओठ हलवत होती, शि-व-प्रि-या. तिला पुरतं सांगता आलं नाही. मधेच खोकला आला, आणि तो लवकर थांबला नाही.

रेवणप्पाचे कान मळणी यंत्रानं खाल्ले होते. सास्तूर-लोहाऱ्याच्या शिवारात ज्वारी, हरभरा, सोयाबीन, ज्याची रास तयार होईल त्याच्या खळ्यावर यंत्र न्यायचं आणि त्याच्या तोंडाशी उभं राहायचं. उभा जन्म त्यानं तेच केलं. यंत्र दुसऱ्याचं, कान त्याचे. मागे एका शिबिरात कानात घालायचं मशीन मिळालं होतं. ते घातलं की शिट्टी वाजायची. "गल्लीतली कुत्री अंगावर येत्यात," असं तो सांगायचा. ते पितळी डबीत घालून फडताळात ठेवून दिलं होतं.

त्याला बहिरेपणाची फारशी खंत नव्हती, कारण घराचे कान शिवकांता होती. हे आजचं नव्हे, त्र्याण्णवच्या भूकंपापासूनचं. गणपती बोळवून गाव मेल्यासारखं झोपलं होतं त्या पहाटे. रेवणप्पाही झोपला होता. शिवकांताला तान्ह्या गौरीशंकरच्या दुधासाठी जाग आली आणि तिला जमिनीखालून काहीतरी गुरगुरत येताना ऐकू आलं. तिनं पोर काखोटीला मारलं, दुसऱ्या हातानं नवऱ्याचं मनगट धरलं आणि "भाईर!" म्हणून ओढत अंगणात आणलं. तो नीट जागा व्हायच्या आत मागं दगड-मातीच्या भिंती बसल्या. रेवणप्पाची आई आणि धाकटा भाऊ शिवपुत्र आतच राहिले.

नवं गाव वसलं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. पण जमिनीची खोड गेली नाही. अधूनमधून ती गुरगुरायची, अजूनही गुरगुरते. दर खेपेला शिवकांताला आधी कळायचं. ती "भाईर!" म्हणायची आणि घर बाहेर पडायचं, शेजार बाहेर पडायचा. तिच्या उशाशी कोनाड्यात तांब्यावर उपडं फुलपात्र ठेवलेलं असे. गावात कितीतरी घरांत असं भांड्यावर भांडं असायचं. जमीन हलली की फुलपात्र खणकन खाली. पण शिवकांताच्या घरी फुलपात्र पडेपर्यंत माणसं अंगणात पोचलेली असायची.

तर त्या बारशातला खोकला. तो चैत्रातही थांबला नाही, तेव्हा तिला सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला आणि फुप्फुसांची जाळी झाली म्हणाले. जन्मभर चुलीचा धूर आणि खळ्यावरचं भुसकट. ती स्वतःच म्हणाली, "वाळल्या दोडक्यावाणी दिसायलंय." आता बरं होणं नाही, घरी न्या, जपा, असं सांगून त्यांनी पाठवलं.

गौरीशंकर पुण्याला कंपनीत होता. तो म्हणाला, "अव्वा, तिकडंच चला दोघंबी. शुभांगी हाय, दवाखाना जवळ हाय."

"कितव्या मजल्यावर ऱ्हातूस तू?"

"तिसऱ्या."

"हाललं तर उतरायचं कसं?"

"पुण्याला कुठं हालतंय, अव्वा?"

"हितं तरी कुठं हालत होतं आधी," शिवकांता म्हणाली. तो विषय तिथंच संपला.

मग घरात दोनच माणसं राहिली. एकीला मोठ्यानं बोलता येईना, दुसऱ्याला हळू बोललेलं ऐकू येईना. रेवणप्पा चहा करी, भाकरीऐवजी भात टाकी, तिला उठवून बसवी, पाठ चोळी. पण अंगणातल्या म्हशीच्या पत्र्यात गेला की तो तिच्यापासून शंभर कोस दूर जायचा. एका सकाळी ती मोरीकडं जाताना पडली. तिनं हाक मारली असेल, पुन्हा मारली असेल. तो पत्र्यात वैरण तोडत होता. शेजारची गिरिजाबाई विरजण मागायला आली, तिनं तिला फरशीवर पाहिलं आणि पत्र्यात येऊन रेवणप्पाच्या पाठीत बुक्की घातली.

"कान गेलं तर गेलं, डोळं तर आत ठिवावं माणसानं! बाई गार पडलीय तिकडं!"

शिवकांता त्याला काही बोलली नाही. पांघरुणाखाली हात घालून त्यानं तिचे पाय चोळले. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं हाक मारावी आणि आपण तिथं असावं, एवढंच आता त्याला हवं होतं. दुसरं काही हवं असण्याजोगं उरलंच नव्हतं.

गौरीशंकर त्या शनिवारी आला, तो पिशवीतून एक काळं धूड घेऊन. खुरासारख्या दोन मोठ्या वाट्या, वरून जाड पट्टी, एका बाजूनं सोंडेसारखी बारीक काडी आणि दोन्हीकडं लाल उजेड.

"ह्ये तर तुझंच की रं," शिवकांता म्हणाली. "कोरोनात घरी बसून लढाया करायचास, त्ये. जेवाय ये म्हणलं तर ऐकू येत न्हवतं तुला."

"त्योच हेडफोन. आता कुठला खेळ, अव्वा! पोरगी खेळवायलाव. ह्याचा आवाज लई दणकट हाय. अप्पा, टोपी काढा."

रेवणप्पानं टोपी काढली. गौरीशंकरनं ते डोक्यावर चढवलं, जुना मोबाईल शिवकांताच्या उशाशी ठेवला आणि त्यात काहीतरी चालू केलं. आता मोबाईलला जे ऐकू येईल ते अप्पांना ऐकू येणार होतं, मधे तार नव्हती.

पहिल्यांदा रेवणप्पाच्या कानात वादळ आलं. तो दचकून मागं सरला. गौरीशंकरनं पंखा बंद केला तेव्हा वादळ थांबलं. मग बांगडी वाजली, देवळातल्या घंटेएवढी. मग चादर सरकली. मग शिवकांताचे ओठ हलले, मिटले, आणि ते मिटल्यावर कानात तिचा आवाज आला.

"येतंय का ऐकू?"

 रेवणप्पानं खाली बसून तिच्या पायांची बोटं चोळली.

"अप्पा, आवाज जरा मागनं येतो," गौरीशंकर मोबाईल तोंडाशी धरून म्हणाला. "हवेतनं यायलाय न्हवं. तेवढं चालवून घ्या."

चालवून घ्यायचं काय त्यात! ती आधी दिसायची, मग ऐकू यायची. तिच्या तोंडाकडं बघायचं, ओठ थांबले की जरा वाट बघायची, की शब्द हजर. दोनचार दिवसांत त्याला त्याची सवय झाली. उलट गिरिजाबाईचे ओठ हलायचे थांबतच नसत, त्यामुळं तिचं कुठलं बोलणं कुठल्या तोंडाचं हे कधी लागलं नाही.

यंत्र मात्र लढाईसाठीच बनवलेलं. त्याला जाड आवाजाची आवड. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की डोक्यातून गेल्यासारखं व्हायचं. म्हशीनं पाय आपटला की तोफ. भांडं पडलं की वीज. आणि शिवकांताचा आवाज आधीच सुतासारखा, तो या सगळ्याखालून वाट काढत यायचा. रेवणप्पानं हळूहळू घर गप्प केलं. दाराच्या बिजागरीला तेल दिलं, पंखा बंद ठेवून तिला हातानं वारा घातला, म्हशीच्या गळ्यातली घंटा काढून ठेवली.

अंगालाही ते सोपं नव्हतं. वजन असं की संध्याकाळी मान अवघडायची. डोक्याच्या मधोमध पट्टीची घळ पडली. ज्येष्ठात कान भरताच्या वांग्यासारखे भाजून निघायचे, घाम गळ्यापर्यंत उतरायचा. वाट्यांवरचं रेग्झिन सुटायला लागलं आणि त्याचे काळे पोपडे कानाला, पांढऱ्या केसांना चिकटायचे.

"काजळ कुणी घातलं कानाला?" शिवकांता विचारायची.

"दृष्ट लागू नये म्हणून."

"कोण लावतंय तुमाला दृष्ट!"

मग तिनंच एके दिवशी आपलं जुनं सुती लुगडं मागितलं. उशाला टेकून, दोन टाके घालून दम खात, दोन टाके घालून दम खात तिनं त्या वाट्यांना खोळी शिवल्या, नाडी ओवून. हिरव्या, काठाच्या. त्या घातल्यावर कानाला गारवा आला. रेवणप्पा दूध घालायला पारावर गेला तेव्हा त्याचा जुना जोडीदार बिभीषण ओरडला,

"अण्णा, इमान चालवाय लागलास का काय? आन् इमानाला लुगडं कुणी नेसवलं?"

शब्द नाही कळले, पण थट्टा कळली. "माज्या बायकोनं," रेवणप्पा अभिमानानं म्हणाला.

त्या यंत्रात एक बाईही होती. उजेड मंद व्हायला लागला की ती इंग्रजीत दोन शब्द बोलायची.

"काय म्हणायलीय ती?" शिवकांता विचारायची.

"भूक लागली म्हणती."

"मग घाला की खायला. उपाशी सवत बरी न्हवं घरात."

तो वायर लावायचा, आणि वायर निघेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहायचा. त्या वेळात तो बहिरा असायचा, म्हणून तिचा हात हातात धरून ठेवायचा. काही लागलं तर तिनं बोट दाबायचं, असं ठरलं होतं.

पावसाळा तसा गेला. दसऱ्याला ती अंगणात बसली. दिवाळीला उठली नाही. शुभांगी पोरीला घेऊन चार दिवस येऊन गेली. पोरगी रडली की रेवणप्पाच्या कानात कुकर शिटी देई. तरी तो ते काढून ठेवत नव्हता. "शिवप्रिया," असं तो दर खेपेला पुरतं म्हणायचा. नाव ऐकायचं राहून गेलेल्या माणसानं ते म्हणून भरून काढावं तसं. जाताना शिवकांतानं नातीच्या गालाला हात लावला आणि सुनेला म्हणाली, "खालच्या मजल्यावर घर बगा."

कार्तिकी पौर्णिमेचा दिवस. उशिराच्या सोयाबीनचे ढीग अजून कुठं कुठं राहिले होते आणि लांब कुणाच्या तरी खळ्यावर यंत्र चालू होतं. दुपार टळत होती. रेवणप्पा पत्र्यात म्हशीपुढची उरली-सुरली वैरण गोळा करत होता. कानांवर हिरव्या खोळी, कानांत घराचा गप्पपणा.

आणि मग तो आवाज आला.

खालून. फार खालून. जड, ओलसर, दगडावर दगड ओढल्यासारखा. रेवणप्पा वाकलेला होता तसाच राहिला. त्याला आधी वाटलं, खळ्यावरचं यंत्र. पण यंत्राचा आवाज त्याच्या हाडात होता, तो हा नव्हे. ट्रॅक्टरही नव्हे. आवाज वाढला, थांबला, पुन्हा वाढला. एकतीस वर्षं बायकोनं ज्याचं वर्णन करून सांगितलं होतं, जो त्यानं स्वतः कधी आधी ऐकला नव्हता, तो हाच. ती झोपली असणार. आज तिच्या आधी त्याला ऐकू आला होता.

वैरण टाकून तो धावला. साठी उलटून गेलेला माणूस, पण उंबरा कधी ओलांडला ते त्याला कळलं नाही. शिवकांता डोळे मिटून पडली होती. त्यानं वाकळेसकट तिला उचललं, उशाशी होतं-नव्हतं ते वाकळेत गुंडाळलं गेलं, आणि पाखडून उरलेल्या फोलाइतकी हलकी ती बाई छातीशी धरून तो अंगणात आला.

"भाईर! भाईर निगा! हालायलंय!"

सास्तुरात या हाकेला कुणी का म्हणून विचारत नाही. गल्लीची दारं धडाधडा उघडली. कुणी पोर काखोटीला मारलं, कुणी म्हाताऱ्याला ओढलं. एक बाई डोक्याला साबण तसाच घेऊन आली. गिरिजाबाईच्या हातात कणकेचा गोळा होता. शेळ्या सुटल्या. सगळे भिंतींपासून लांब, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि पायांकडं बघू लागले.

काही झालं नाही.

खांबावरच्या तारा हलल्या नाहीत. हौदातलं पाणी आरशासारखं होतं.

"कुठं हाललं?" एकजण म्हणाला.

"मला तर काय न्हाय कळलं."

"माझ्या पोराला भरल्या ताटावरनं उचललं म्या!" एक तरुण बाई रडकुंडीला येऊन बोलली. "म्हाताऱ्याचं काय, बहिऱ्यानं सांगायचं आन् गावानं पळायचं व्हय?"

बिभीषण हसत पुढं आला. "अण्णा, इमान कोसळलं का काय तुझं?"

रेवणप्पा पत्र्याखालच्या बाजेजवळ उभा होता, बायको छातीशी तशीच. त्याला कुणाचं काही कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. तो ओरडला,

"अरं, ऐका की! अजून गुरगुरतंय! तुमाला कुणालाच कसं ऐकू यीना?"

त्यानं तिला बाजेवर ठेवलं, यंत्र काढलं आणि बिभीषणाच्या डोक्यावर घातलं. बिभीषण हसतच उभा राहिला. मग त्याचं हसू गेलं. त्यानं जमिनीकडं पाहिलं नाही. त्यानं वाकळेकडं पाहिलं, जिच्या घडीत तो मोबाईल शिवकांताच्या छातीला लागून अडकला होता. ती श्वास घ्यायची तेव्हा तो वर यायचा.

बिभीषणानं यंत्र सावकाश काढलं, खोळ सारखी केली आणि रेवणप्पाच्या हातात दिलं. हातानंच त्यानं मागच्या माणसांना गप्प केलं.

रेवणप्पानं ते पुन्हा कानावर घातलं. गुरगुर होतीच. शिवकांतानं डोळे उघडले होते. आधी ती आभाळाकडं बघत होती, बाहेर कशी आलो हे तिला कळत नसावं. मग तिनं गोळा झालेली गल्ली पाहिली, शेळ्या पाहिल्या, साबणाच्या केसांची बाई पाहिली, आणि तिला कळलं. तिचे ओठ हलले. मिटले. रेवणप्पा वाट बघत राहिला.

"हाललं न्हाय," आवाज आला. "माझंच हाय त्ये."

 गल्ली एकेक करून आत गेली. ती मघाची तरुण बाई पोराला खाली ठेवून पुढं आली, तिनं वाकळ शिवकांताच्या पायांवर ओढून घेतली आणि गेली. गिरिजाबाईनं हातातली कणीक कुंडीपाशी ठेवली आणि बाजेच्या कडेला बसली.

रेवणप्पा आत गेला. कोनाड्यात तांब्या होता. त्यावर फुलपात्र उपडं, जसंच्या तसं. त्यानं तिला एवढ्या घाईनं उचललं, पण फुलपात्राला धक्कासुद्धा लागला नव्हता.  मग बाहेर येऊन त्यानं विचारलं,

"आत नेऊ?"

ओठ. मग आवाज. "नको. आणलंय न्हवं भाईर. ऱ्हाऊ द्या."

म्हशीला गिरिजाबाईच्या पत्र्यात हलवलं. बाजेच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली. गौरीशंकर रातोरात निघून आला. डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली, गौरीशंकरला बाजूला घेऊन काही सांगितलं. त्यांच्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं ते रेवणप्पाला. मोबाईल शिवकांताच्या उशाशी होता आणि ती दणकट गुरगुर सारखी चालू होती, कधी लांब, कधी घराखाली. गौरीशंकर मोबाईल तोंडाशी धरून म्हणाला,

"अप्पा, काढा आता त्ये. कशाला ऐकायलाव तसलं?"

"तिला काय लागलं तर?"

"म्या हाय की."

"तुला बोलावंल ती, तवा तू ये," रेवणप्पा म्हणाला. त्यानं ते काढलं नाही. मान अवघडली, कानांच्या पाळ्या सुजल्या, खोळी घामानं भिजल्या. यंत्रातली बाई भूक लागली म्हणाली की तो वायर लावायचा आणि शिवकांताचा हात धरायचा. तिसऱ्या दिवशी तिचं बोट दाबेनासं झालं.

सोमवारी सकाळी स्वामी येऊन कपाळाला विभूती लावून गेले. ऊन पत्र्याखाली सरकत तिच्या पायांपर्यंत आलं. रेवणप्पा समोर बसून तिच्या छातीकडं बघत होता. छाती वर यायची, मग आवाज यायचा. खाली जायची, मग आवाज यायचा. मधे मोठी मोठी अंतरं पडू लागली. एकदा छाती खाली गेली आणि पुन्हा वर आली नाही. गौरीशंकरनं तोंड उघडलं, तेव्हा रेवणप्पानं हात वर केला.

"थांब. अजून यायचंय."

तिचा शेवटचा श्वास त्याच्या कानात उतरला. सगळा उतरला. त्यामागून काही आलं नाही, तरी तो तसाच बसून राहिला. मग एक चिमणी आली, मग गिरिजाबाईचा हंबरडा आला. तेव्हा त्यानं ते डोक्यावरून काढलं, हिरव्या खोळींच्या नाड्या सोडल्या, खोळी घडी करून बंडीच्या खिशात ठेवल्या आणि टोपी घातली.

शिवकांता रेवणप्पा वारली ती कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी, दोन हजार चोवीस साली, सास्तुरात, घराबाहेर.